पाठीवरचा हात

वृद्धाश्रमांमधली शुश्रूषा कशी आहे, हे तपासायचं माझं काम. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीला जखमा झाल्यात का, वजन घटलंय का, औषधं वेळेवर मिळतात का, हे मी बघते.

गेल्या हिवाळ्यात भोरबाहेरच्या एका वृद्धाश्रमात गेले होते. खिडकीजवळच्या खाटेवर पाली गावाच्या वरच्या वस्तीतले एक आजोबा होते. जन्मभर शेरडं राखलेली. बोलताना त्यांचा हात घोंगडीवरून फिरत राहायचा, करडाला कुरवाळावं तसा. नर्सबाईंनी त्यांना अलगद कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ होती, कुठे लालीसुद्धा नव्हती.

"आजोबा, चांगली काळजी घेतात की तुमची," मी म्हटलं.

"व्हय, लई चांगली मान्सं हायती." मग म्हणाले, "पन समदी हातमोजं घालून हात लावत्यात. घरचं कुनी येत न्हाई. उघडा हात लागून लई दीस झालं, बाई."

नर्सबाई खाली बघू लागल्या. मी हातमोजे काढले, हात धुऊन आले आणि एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

"गार हाय," ते म्हणाले. "पन ऱ्हाऊ द्या."

बऱ्याच वेळाने त्यांचा डोळा लागला, तेव्हा मी उठले.

त्या वृद्धाश्रमाला मी 'उत्तम' असा शेरा दिला आणि तो खराच होता. संध्याकाळी भोरच्या डेपोत एसटीची वाट बघताना मात्र कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. मोबाईल काढला, आणि कुणाला लावावा ते सुचेना.