फिल्टरमधली जुनी धूळ

मेकॅनिकने माझ्या गाडीचा डिझेल फिल्टर काढून दाखवला. तो काळाकुट्ट होता. तळणीच्या वापरलेल्या तेलापासून केलेलं बायोडिझेल मी महिनाभर मिसळत होतो, गाडीच्या पुस्तिकेत चालतं म्हटलंय तेवढंच. तरी गाडी चढावर अडखळली.

"बंद करतो हे," मी म्हणालो.

"साहेब, घाण जुन्या डिझेलची आहे. बायोडिझेलनं ती टाकीतून सुटी केली, एवढंच."

शेजारी उभी असलेली बायको हसली. "मी लग्न होऊन आले आणि तुमचा माळा झाडला, तेव्हा सासूबाईही म्हणाल्या होत्या, हिनं घरभर धूळ केली!"

नव्याने येणाऱ्यावर जुन्या धुळीचा आळ येतो, आणि तरी तो घर झाडतच राहतो.

नवा फिल्टर बसला. परतताना तोच चढ गाडीने सहज पार केला. बायोडिझेल मिसळलं की लिटरमागे अंतर किंचित कमी भरतं, हे खरं. पण तो विषय आता हिच्यासमोर काढणार नाही.