नांदायला येण्याचा दावा

माझ्या नवऱ्याने मला आयुष्यात एकदाच प्रेमाने घरी बोलावलं, आणि तेही कोर्टामार्फत.

लग्नानंतर काही वर्षं मी पिंपळगाव बसवंतला त्याच्या घरी होते. द्राक्षांचा व्यापार, हायवेपासून जवळच बंगला, बंगल्याच्या गच्चीवर प्लॅस्टिकचे दोन पांढरे घोडे. एका दुपारी चहा गार झाला म्हणून त्याने पाहुण्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. पाहुण्यांनी तो गार चहा निमूटपणे संपवला आणि सौद्याचं बोलणं पुढे चालू ठेवलं. त्याच संध्याकाळी मी बसने नाशिकला, इंदिरानगरच्या वडिलांच्या फ्लॅटवर निघून आले. नातेवाइकांत यावर भरपूर चर्चा झाली आणि तिचं सार "एकच तर मारली" एवढं निघालं. जणू काही ठरलेला कोटा असतो, आणि तो बिचारा त्यात काटकसर करून राहिला होता.

त्यानंतर त्याचा ना फोन, ना निरोप. मी नोकरी धरली. दीड-दोन वर्षं वाट पाहून शेवटी घटस्फोटाची नोटीस पाठवली, तेव्हा कुठे त्याला माझी आठवण झाली. उत्तरादाखल त्याने कोर्टात दावा लावला. बायकोने नांदायला यावं म्हणून! त्यात लिहिलं होतं की मी काही कारण नसताना घर सोडलं, आणि तो मला आजही प्रेमाने नांदवायला तयार आहे. "प्रेमाने" हा शब्द वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसले. त्याच्या वकिलाच्या कॉम्प्युटरमध्ये तो शब्द आधीपासूनच टाइप केलेला असणार.

माझ्या वकीलबाईंनी अर्थ समजावून सांगितला. "असल्या दाव्याचा अर्थ 'ये' असा नसतो, 'येऊ नकोस' असा असतो. तू जाणार नाहीस हे ते धरूनच चाललेत. मग कोर्टात सांगायला मोकळे, की आम्ही बोलावतोय, तीच येत नाही, पोटगी कसली मागते." कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही हे ठाऊक असावं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या थोरल्या काकांना.

थोरले काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. भावकीत कुणाचंही लग्न जमवायचं असो की मोडलेलं सांधायचं असो, बैठकीला काका हवेतच. गावातून खास आले, आमच्या सोफ्यावर मधोमध बसले आणि चष्मा लावून तो दावा त्यांनी मोठ्याने वाचला. मग माझ्या वडिलांकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"पाह्य, प्रेमानं नांदवायला तयार हाय म्हणतो. कोर्टात कोणी खोटं लिहितं का?"

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्याच आयुष्याची बैठक, आणि माझं काम चहा देण्याचं. मी म्हणाले, "काका, तो वकिलाचा डाव आहे." काका माझ्याकडे न बघता वडिलांना म्हणाले, "नोकरी करते ना, म्हणून लय बोलते." वडील गप्प बसले. थोरल्या भावापुढे गप्प बसणं हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग होता, आणि आम्ही घरात त्याला त्यांचा चांगुलपणा म्हणायचो. बैठकीत ठरलं की मुलीला रीतसर, सन्मानाने परत नेऊन घालायचं. नवी साडी, भरलेली ओटी, फळांची करंडी.

मी रागारागाने वकीलबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "उत्तम. जा. साक्षीदार घरचेच आहेत. घेतलं नाही तर त्यांचा दावा तिथंच ढिला पडतो."

"आणि घेतलं तर?"

"घेणार नाहीत."

"पण घेतलं तर, मॅडम?"

"तर मला लगेच फोन कर," म्हणाल्या. त्यांचं ठीक होतं. बॅग माझी भरायची होती.

रविवारी आम्ही निघालो. वडील गाडी चालवत होते, शेजारी काका, मागे आई आणि मी. आई सतत माझ्या पदराच्या निऱ्या सारख्या करत होती. काका रस्ताभर मला उपदेश करत होते: नमतं घ्यायचं, सासूला उलटून बोलायचं नाही, बाईनं थोडं सोसलं की घर उभं राहतं. स्वतःच्या घरात पाण्याचा तांब्या कधी उचलला नाही त्या माणसाने.

बंगल्याचं गेट उघडंच होतं. त्याची गाडी दारात उभी होती. काकांनी बेल वाजवली, मग लग्नाच्या मांडवात देतात तशी हाक दिली, "पाहुणे, लक्ष्मी आणलीय तुमची!"

वरच्या गॅलरीत सासूबाई आल्या. खाली माझी बॅग पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. आत गेल्या. थोड्या वेळाने नवरा आला, फोन कानाला लावलेला. आमच्याकडे बघत, पण आमच्याशी नव्हे, फोनमध्ये म्हणाला, "हां साहेब, खरंच आलीय. सामान घेऊन आलीय. आता काय करू?"

माझ्या मनात त्याचा थोडाफार धाक शिल्लक होता, तो त्या वाक्यासरशी गेला. मला मारताना याला कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

काका वर मान करून म्हणाले, "अहो जावईबापू, दार तर उघडा."

उत्तर त्याच्या मागून सासूबाईंनी दिलं. "वकील विचार करून सांगतो म्हणाले. त्यांच्या फोनशिवाय दार उघडता येत नाही."

भर उन्हात आम्ही उभे. समोरच्या घरातल्या बायका कुंपणाशी जमल्या. एवढ्यात दाराच्या आतून पावलं वाजली आणि कडीला हात लागल्याचा आवाज आला. काकांनी उपरणं नीट केलं. आणि मी, इतके दिवस सगळ्यांना हसणारी मी, पार गार पडले. हे उघडतायत. मला आत जावं लागणार. माझ्यामागे हे दार लागणार, आणि काका बाहेरून समाधानाने निघून जाणार. मी आईचा दंड इतका घट्ट धरला की ती कळवळली.

मग खाट्कन वरची कडीही लागली. सुटले! कुणी माझ्या तोंडावर दार लावलं म्हणून मला एवढा आनंद कधी होईल असं वाटलं नव्हतं. आई मात्र रडायला लागली. वडील त्या बंद दाराकडे बघत हात जोडून उभे होते. ते हात खाली घ्यायचेही त्यांना सुचेना. मीच त्यांना गाडीकडे वळवलं.

परतताना ओझर आलं तसा काकांना कंठ फुटला. "दार नाय उघडलं म्हणून काय बिघडलं? वकिलाचा फोन लागला नसंल. पुढच्या रविवारी परत येऊ."

वडिलांनी गाडीचा वेग कमी केला. आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला जायचंय का तिथं?"

"नाही."

"अरे, तिला काय विचारतो?" काका म्हणाले.

वडिलांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. "दादा, तुम्ही उतरा."

"इथं?"

"हो. बस मिळेल."

काकांना आधी थट्टा वाटली. मग वडिलांचं तोंड पाहून ते मुकाट्याने उतरले. दार लावायला विसरले, ते आईने उतरून लावलं. वडील पुन्हा गाडी चालवू लागले आणि चालवता चालवता बाहीने डोळे पुसू लागले.

मला त्यांची कीव आली नाही, संताप आला. एवढाच प्रश्न होता, एवढंच उत्तर होतं. फ्लॅटच्या दारात बॅग घेऊन आले त्या संध्याकाळी विचारायला यांना काय झालं होतं? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांचे खांदे हलत होते, समोरून ट्रक येत होते, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. "बाबा," मी म्हणाले, "समोर बघा. हळू चालवा."