अकोल्याचं रक्त

माझ्या मामाइतका रक्ताला हपापलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्याच्याइतका निरुपद्रवीही नसेल. अंगावर बसलेला डास तो फुंकर मारून उडवतो. पण माणूस समोर आला की त्याला माणूस दिसतच नाही, त्याच्या अंगातलं रक्त दिसतं. गावातल्या कुणाचंही नाव त्याच्या लक्षात राहत नाही आणि रक्तगट मात्र एकाचाही विसरत नाही. "तो एबी पॉझिटिव्ह आला होता, चक्कीचा पट्टा तुटला म्हनते," असं तो सहज सांगतो आणि घरातल्या आम्हा सगळ्यांना गिरणीवाला कळतो. तीस वर्षं तो वाशीमच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. रोज बसनं जायचा, काचेच्या नळ्या धुवायचा आणि बसनं परत यायचा. गावातल्या माणसांच्या तपासणीच्या चिठ्ठ्या त्याच्याच हाती गावात यायच्या. नळ्या धुण्यापलीकडे तिथल्या कुणी त्याला काही करू दिलं नाही, पण चिठ्ठ्या वाचायला बंदी नव्हती. त्या सगळ्या त्याच्या डोक्यात जाऊन बसल्या, त्या कायमच्याच.

बाबा गेल्यावर आई मला घेऊन अनसिंगच्या पुढच्या गावात, तिच्या या मोठ्या भावाकडे आली. तेव्हापासून मी मामाच्या हाताखाली वाढले, म्हणजे खरं तर त्याच्या अंगठ्याखाली. कारण समोरच्या माणसाची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत लाल आहे की फिकट ते बघायची त्याला खोड आहे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट पापणी. कुणाच्याही लग्नात आशीर्वाद द्यायला गेला की आधी नवरीची पापणी ओढतो आणि तिच्या आईला म्हणतो, "गूळ-फुटाने चारा हिले." माझ्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यानं माझ्या सासूबाईंची पापणी ओढली. त्या बाईंनी अजून त्याला माफ केलेलं नाही. जावयाबद्दल त्याचं मत विचारलं तर म्हणाला, "पोरगा चांगला हाय, पन ओ पॉझिटिव्ह हाय. ते तं कुठंई भेटते." आई वैतागली. "दादा, मानूस पाय ना जरा!" "मानूसच पाह्यला मी," मामा म्हणाला, "ओ पॉझिटिव्ह हाय."

मी बी निगेटिव्ह. त्यामुळे मामाच्या लेखी मी लहानपणापासून राजकन्या. गावात बी निगेटिव्ह माणसं साडेतीन, असं तो पुढे पुढे सांगायचा. एक मी, दुसरा पुण्याला बांधकामावर जाणारा आमच्याच वस्तीतला एक गडी, आणि तिसरा देवळामागच्या आळीतला एक माणूस. अर्धा म्हणजे मामा स्वतः. त्याची पासष्टी उलटली होती आणि रक्तपेढीवाले त्याला दारातूनच परत पाठवायचे. त्याचा त्याला भयंकर अपमान वाटे. "जुनं झालं म्हून नासते का? दूध हाय का ते?" असं तो बसमधल्या अनोळखी माणसांनाही विचारायचा.

आठ वर्षं वाट पाहिल्यावर, पस्तिसाव्या वर्षी मला दिवस गेले. मी रिसोडला शिक्षिका. पाचव्या महिन्यात थोडं रक्त गेलं म्हणून वाशीमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, वार खाली आहे, पिशवीच्या तोंडावर. पलंगावरून उठायचं नाही, सिझरच करावं लागेल, आणि त्यात रक्त किती जाईल ते सांगता येत नाही. गट असा दुर्मिळ, तेव्हा दोन बाटल्यांची सोय आधीच करून ठेवा. मी मामाच्या घरी येऊन आडवी झाले. घरात तयारी सुरू झाली. आईनं जुन्या साड्यांची दुपटी शिवली. पुण्यात नोकरीला असलेला नवरा दिवसातून सहा फोन करायचा आणि प्रत्येक फोनवर एकच वाक्य बोलायचा, "टेन्शन घेऊ नको." सासूबाईंनी बाळाच्या नावांची यादी पाठवली, सगळी मुलांचीच. दवाखान्याच्या पिशवीत काय काय भरायचं यावर बायाबायांत वाद झडले. मामानं मात्र एकच विचारलं. "दोन?" आणि मग अंगणातल्या खाटेवर बोटं मोडत बसला.

पुण्याला बांधकामावर गेलेल्या गड्याला त्याच महिन्यात कावीळ झाली. "गेला," मामा येऊन म्हणाला. आईनं तोंडाला पदर लावला. "अवो, जिता हाय तो! रक्त गेलं त्याचं. आता त्याचं घेत नाहीत." म्हणजे उरला देवळामागचा माणूस.

या माणसाबद्दल मी गोड बोलणार नाही. मी दहावीत असताना आमच्या वस्तीची जयंतीची मिरवणूक देवळासमोरून जाऊ द्यायची नाही म्हणून जे लोक रस्त्यात उभे राहिले, त्यांत हा सगळ्यांत पुढे होता. त्या दिवशीचा दगड मामाच्या भुवईवर अजून आहे, म्हणजे त्याची खूण आहे. हा माणूस आमच्या विहाराकडून जाताना मोटरसायकलचा वेग वाढवतो. आमच्या वस्तीत त्यानं आजवर पाण्याचा घोट घेतलेला नाही. आणि मामा त्याच्या दारात गेला. ओट्याखाली उभा राहिला, माझी सगळी कथा सांगितली, आणि हसतहसत परत आला. "देतो म्हनते. रक्त द्याले काई हरकत नाही म्हनते." हरकत नाही! माझं डोकंच फिरलं. पडल्यापडल्या मी मामाला नको नको ते बोलले. लाज नाही वाटत? त्याच्या पाया पडायला गेला होतास? मामानं सगळं ऐकून घेतलं. "मले त्याचं मन कायले पायजे, पोट्टे? मले एक बाटली पायजे."

मग चार महिने मामानं त्या माणसाला असं सांभाळलं की पोळ्याच्या बैलानं हेवा करावा. रक्तात लोह हवं, म्हणून खायला घालायचं. पण आमच्या घरचं तो खाणार कसा? मामानं खोदून विचारलं, आणि त्या माणसानंही जराही न लाजता सांगितलं की सालीतलं चालते. म्हणजे ज्याला साल आहे, जे आपल्या हातानं सोलून खाता येतं, ते. झालं. मामाच्या पिशवीत केळी, संत्री, शेंगा, डाळिंबं. रोज सकाळी तो देवळामागे जाऊन ओट्यावर फळं ठेवायचा, दोन पावलं मागे सरकायचा आणि तो माणूस ते सोलून खाईपर्यंत उभा राहायचा. मग दुरूनच म्हणायचा, "तुमची तुमीच वढा पापनी, मी पायतो." आणि तो खरंच स्वतःची पापणी स्वतः ओढून मामाला दाखवायचा! गावातली पोरं हा खेळ बघायला जमू लागली. माझं रक्त इकडे उकळत होतं, आणि ते मोजायला मामाकडे काही यंत्र नव्हतं.

खाताखाता तो माणूस मामाला आपल्या मोठेपणाची एक गोष्ट नेहमी सांगायचा. फार वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना त्याचा हात मळणीयंत्रात गेला होता. दोन बोटं गेली आणि माणूस जाता जाता वाचला. "मले असंतसं रक्त नाही लागलं," तो म्हणायचा. "वाशीमात भेटलंच नाही. खास अकोल्यावरून गाडीनं मागोलं होतं." ही गोष्ट मामानं घरी येऊन मला किमान वीस वेळा सांगितली असेल. "मग तू काय म्हणालास?" मी चिडून विचारायची. "म्हनलं, अकोल्याचं रक्त चांगलंच असते."

सातव्या महिन्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर भरलं. देणाऱ्याला पाण्याचा मोठा थंड जार बक्षीस. हे कळताच मामा चपला न घालता पळाला. पोचला तेव्हा देवळामागचा माणूस बाही वर करून खाटेवर आडवा झालेला. एकदा दिलं की तीन महिने घेत नाहीत, आणि माझे तर दोनच राहिलेले. मामा खाटेच्या पायथ्याशी आडवा पडला. "वाढदिवस तुमच्या सायबाचा, अन् रक्त आमच्या पोरीचं? जमत नाही!" पुढाऱ्याच्या माणसांनी त्याला उचलून बाहेर ठेवलं, तो पुन्हा आत गेला. शेवटी कंटाळून डॉक्टरनंच त्या माणसाला उठवलं. दुसऱ्या दिवशी मामानं तसाच जार वाशीमहून आणून त्याच्या ओट्यावर ठेवला. जाराला साल नसते, पण तो कारखान्यातून बंद होऊन आलेला होता, म्हणून चालला.

सिझरच्या दोन दिवस आधी मी दवाखान्यात दाखल झाले. मामानं त्या माणसाला बसनं आणलं, धक्के लागू नयेत म्हणून पुढच्या सीटवर बसवून. रक्त देऊन तो माणूस माझ्या खोलीच्या दारापाशी येऊन उभा राहिला. खोटं कशाला बोलू, चेहरा दमलेला होता, तरी तो मला म्हणाला, "काई भेव नको धरू, बाई. होते सारं बराबर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या तर आलंच. तिनं थरमासमधला चहा कपात ओतला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. तो एक पाऊल मागे सरला. "नाही बाई, म्या चहा सोडला." आणि पाच मिनिटांनी खिडकीतून मला तो दिसला, फाटकासमोरच्या टपरीवर, बशीत ओतून फुर्र फुर्र चहा पिताना.

त्याच क्षणी मी मामाला म्हणाले, मला नको त्याचं रक्त. ज्याला माझ्या आईच्या हातचा चहा चालत नाही, त्याची बाटली माझ्या अंगात जाणार नाही. मरेन तर मरेन. आई रडायला लागली आणि रडतारडता एकदम मामावर उसळली. "दादा, जा, सांग त्याले! सांग त्याले अकोला कोन ते!"

मामा थरमासचं झाकण फिरवत बसला. मग आईनंच सांगितलं. त्या मळणीच्या दिवशी वाशीमात बी निगेटिव्ह कुठंच नव्हतं. प्रयोगशाळेत नळ्या धुणारा एक शिपाई हात पुसून खाटेवर जाऊन झोपला होता. बाटलीवर नुसता आकडा असतो, नाव नसतं. संध्याकाळच्या बसनं तो शिपाई पांढराफटक होऊन घरी आला आणि गुळाचा अख्खा खडा खाऊन झोपला. मिरवणुकीतल्या दगडाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. भुवईवरची जखम लालच होती.

"जा, आत्ता सांग," मी ओरडले. "टपरीवर सगळ्यांसमोर सांग."

मामानं घाबरून खिडकी लावून घेतली. "येडी झाली का? हे थंडीचे दिवस. त्याले सांगतलं तं तो घरी जाऊन डोक्यावरून आंघोय करन. एक डाव नाही, धा डाव करन. आताच रक्त देऊन आलेला मानूस, निमोनिया होईन ना त्याले!"

मी हसले की रडले, आता आठवत नाही. रक्त घ्यायच्या कागदावर सही मात्र केली. पोटात आठ वर्षांची वाट होती, मानापमानासाठी ती पणाला लावायची हिंमत माझ्यात नव्हती. सिझरमध्ये रक्त गेलं ते डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या त्यापेक्षा जास्तच. दोन्ही बाटल्या लागल्या. दुसरी बाटली रक्तपेढीनं मागवली होती, ती खरंच अकोल्यावरून आली. मुलगी झाली. सासूबाईंच्या यादीचा उपयोग झाला नाही. मामानं बाळ हातात घेतलं, नाक-डोळे कुणावर गेले ते पाहिलंच नाही, आणि गट कळल्यावर वॉर्डभर सांगत सुटला, "बी निगेटिव्ह! गावात साडेचार झाले!"

ती आता तीन वर्षांची आहे. देवळामागचा माणूस तसाच आहे. संत्र्यांच्या दिवसांत आमच्या फाटकावर एक पिशवी लटकवून जातो, हाक मारत नाही, आत येत नाही. मामा मात्र थकला आहे. हल्ली मीच त्याची पापणी ओढते. "काय दिसते?" तो विचारतो. "लाल आहे," मी खोटं सांगते. नळ्या धुतल्या तरी तीस वर्षं धुतल्या आहेत, त्याला खोटं कळतं.

परवा आम्ही अंगणात बसलो होतो. तो माणूस रस्त्यानं मोटरसायकलवरून गेला. विहाराशी वेग वाढवला, आणि तरी मामाकडे बघून तीन बोटांचा हात वर केला. माझा जुना राग उफाळून आला. म्हटलं, "मामा, याचं रक्त माझ्या अंगात आहे हे मला अजून टोचतं."

"टोचू नको देऊ. चार मयन्यांत जाते ते. जुनं जाते, आपलं नवं येते."

"म्हणजे तुझंही त्याच्यातून गेलं?"

"कवाचंच."

"मग त्याच्यात तुझं राहिलं तरी काय?"

मामा फाटकावरच्या पिशवीतलं संत्रं सोलत होता. रस्त्यावरची धूळ बसेपर्यंत तो तिकडे बघत राहिला.

"तो राह्यला ना," तो म्हणाला, आणि सोललेली फोड माझ्या लेकीच्या हातावर ठेवली.