हौसाबाईंचा दहाव्याचा घास

जेवणाची सुट्टी संपून शिवणयंत्रं सुरू होईपर्यंत कार्यशाळेत जरा शांतता असते. तेवढ्यात मी मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्याला पाठ टेकून डोळे मिटते. बाहेर नळावर कुणीतरी डबा घासतंय. तो आवाज हळूहळू लांब जातो आणि माझ्या शेजारी हौसाबाई बसलेल्या असतात.

हौसाबाईंना जाऊन अजून महिना व्हायचाय. शालनची आई त्या. शालन पस्तिशीला आली तरी गल्लीतले लोक तिला खुळी पोरच म्हणतात. लोक ज्यांना असं खुळं म्हणतात त्यांना काम शिकवायचं आणि बाहेर कुठेतरी कामाला लावून द्यायचं, ही माझी नोकरी. शालन मिरजेतल्या एका दवाखान्याच्या लाँड्रीत उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालते. घालायची, असं म्हणायला हवं. आई गेल्यापासून तिच्या भावानं, तानाजीनं, तिला घरीच ठेवून घेतलंय.

"जेवलासा काय, बाई?" हौसाबाई विचारतात. जिवंतपणीही त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं.

"जेवले. तुम्ही?"

त्या समोरच्या टेबलावरून हात फिरवतात. टेबल लाँड्रीतलं आहे. चारी बाजूंना वाफ आहे आणि अभ्र्यांचा ढीग माझ्या खांद्यापर्यंत आलाय.

"हितं आता कोन बसतंय?"

"कुणी नाही. सोमवारपर्यंत जागा राखून ठेवलीय. नंतर लाँड्रीवाले दुसरी बाई घेतील."

"मग आना की तिला."

कशी आणू? मी तानाजीकडे जाऊन आलेय. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडले तरी असते. तो मला पाट देतो, चहा देतो आणि डोळ्यांत पाणी आणून सांगतो, "आई गेली आन् लगीच भनीला कामाला जुंपली, असं म्हनतील लोकं. माझ्या घरात तिला काय कमी पडनार न्हाई, बाई." शालन मात्र रोज सकाळी पिशवी खांद्याला अडकवून उंबऱ्यावर बसते. वहिनी मायेनं आत नेते, ही पुन्हा येऊन बसते. मांडीवर आईचं लुगडं असतं. त्याची घडी घालते, मोडते, पुन्हा घालते. मला बघून ती उठून उभीच राहिली होती. तिला तसंच ठेवून मी परत आले, ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

टेबलाची कड ओली लागते. खाली पाणी आहे, पायऱ्या आहेत. कृष्णेचा घाट. दहाव्याचे पिंड मांडलेत, वर दही घातलंय. डोक्याचा गोटा केलेला तानाजी हात जोडून उभा आहे. आम्ही त्याला दिसत नाही.

"बघा आता," हौसाबाई म्हणतात.

"आई, शालनला फुलासारखी जपीन," तानाजी म्हणतो. एक कावळा फांदीवरून खाली उतरतो.

"तिला काडी उचलू देनार न्हाई." कावळा परत फांदीवर.

तानाजी रडकुंडीला येतो. "आई, तिला घराभाईर पाऊल टाकू देनार न्हाई बघ!" सगळे कावळे नदीपलीकडे उडून जातात.

हौसाबाई कपाळाला हात लावतात. "जसजसं बोलतंय तसतसं माझं ताट लांब चाललंय. शेवटाला दर्भाचा कावळा केला आन् लावला पिंडाला. गवतानं खाल्लं, बाई. मी न्हाई."

"तुम्हाला काय हवं होतं?"

"ती कामाला जाईल, येवढंच म्हनायचं हुतं त्यानं. जल्मभर हाताला धरून फिरीवली मी तिला. बघनारं हळहळायचं. लाँड्रीत लागली आन् एक दिवस मलाच म्हनती, 'आई, सर बाजूला, मला उशीर हुतोय.'" त्या हसतात आणि हसता हसता पदरानं डोळे पुसतात. "दार धरून रडले मी त्या दिवशी. माझ्यामागं हिचं कसं, ह्ये तवापासनं कधी मनात आलं न्हाई."

मला राहवत नाही. मी पुढे होऊन हात जोडते. "हौसाबाई, शालनला मी कामावर घेऊन जाईन." एक कावळा हलेल तर शपथ.

"तुमचं न्हाई चालत. पोटच्यानं म्हनाय लागतं."

"तो ऐकत नाही हो."

"मी उपाशी हाय म्हनून सांगितलंय का त्याला?"

"हे मी कोणत्या तोंडानं सांगू? येडी म्हणेल मला."

"म्हनू दे की. माझ्या लेकीला आख्खा गाव म्हनतोय."

आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात आहोत. चूल थंड आहे. त्या माझा पदर ओढून घेतात, त्याच्या टोकाला गाठ मारतात आणि दातांनी आवळतात. त्यांचे हात गार आहेत.

"इसरू नका, बाई. लई भूक लागलीया."

"थांबा, माझा डबा..." मी वळते, तर यंत्रांचा खडखडाट सुरू होतो.

जागी होते. गाल ओले आहेत. उठताना पदर हाताला जड लागतो. टोकाला गाठ आहे, करकचून आवळलेली. झोपेत माझ्याच हातांनी मारली असेल, असं मी स्वतःला समजावते. तसं असेलही. सोडवायला नख लावते आणि राहू देते.

चपला घालून भर उन्हात तानाजीच्या घराकडे निघते. नोकरीचं, सोमवारचं, काही बोलायचं नाही. त्याला एवढंच सांगायचंय की, बाबा, तुझी आई अजून जेवलेली नाही.