नानांच्या हातून फुटलेलं टरबूज

मंडळी, माझं वय अठ्ठ्याऐंशी. मी सांगतेय आणि पणती तनू टाइप करतेय.

आज सकाळी नंदुरबारला तिची बास्केटबॉलची मॅच होती. शेवटी तिच्या हातून बॉल सुटला आणि टीम हरली. तिचा बाप, म्हणजे माझा नातू महेश, सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडायला लागला. मला एकदम शंकरनाना आठवले.

नाना माझे काका. पंचेचाळीस-सेहेचाळीस साल असेल. सुरतेच्या एका मिलने त्यांना बास्केटबॉल खेळायलाच पगारावर ठेवलं होतं. आम्हाला वाटायचं, तिथे कापड विणायचे साचे चालवतात! उन्हाळ्यात घरी आले की तापीच्या पात्रात आमच्याबरोबर रांगेत उभे राहायचे. वाडीतली टरबुजं हातोहात फेकत गाडीपर्यंत न्यायची असत.

एकदा माझ्या हातून टरबूज पडून फुटलं. वडील मारायला धावले. तेवढ्यात नानांच्या हातूनही एक फुटलं.

"मन्हा हातमाईन बी निसटनं, भाऊ," नाना म्हणाले. वडील थांबले. दोन्ही टरबुजं आम्ही तिथेच वाळूत बसून खाल्ली.

पुढच्या आठवड्यात मिलचा माणूस नानांना न्यायला आला. म्हणाला, यांना बघायला सुरतेत मैदान भरतं, यांच्या हातून बॉल कधी सुटतच नाही. नाना खाली मान घालून चपला शोधत होते.

आज मी म्हटलं, "महेश, तो बॉल टाक इकडं." त्याने टाकला. मी सोडून दिला.

तुमच्यासाठी कुणी असं मुद्दाम चुकलंय का?

हे टाइप करता करता तनू आत्ता थांबलीय. तिला वाटलं होतं, पणजीचे हात थकलेत.