रिंगेटचा शेवटचा हिवाळा

लेक म्हणाली, "आई, मला रिंगेट खेळायचंय," तेव्हा मला वाटलं, आमच्या शाळेत मुली जाळीवरून रबरी रिंग फेकायच्या, तेच असणार. मी तिला स्पोर्ट्स शूज घालून इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावातल्या रिंकवर नेलं. समोर नुसता बर्फ! बाकीच्या मुली स्केट्स बांधत होत्या आणि माझी दहा वर्षांची पोर माझ्याकडे अशी बघत होती, की धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

कोचबाईंनी कुठूनसे जुने स्केट्स आणून तिच्या पायात चढवले. साठी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या अमेरिकन बाई. त्यांच्या लहानपणी इथल्या बर्फावरच्या हॉकीत मुलींना घेत नसत. भाऊ खेळायचे, त्या मात्र बाकावर बसून बघायच्या. मग कॅनडातून हा खेळ आला, खास मुलींसाठी काढलेला: पातं नसलेली सरळ काठी आणि पकच्या, म्हणजे हॉकीतल्या चपट्या चकतीच्या, जागी रबरी रिंग. त्या तो शिकल्या आणि पुढे हिवाळ्यामागून हिवाळे मुलींना शिकवत राहिल्या.

आता हॉकीत मुलींनाही घेतात. चांगलंच झालं, पण आमच्या टीममधल्या मुली एकेक करून तिकडे गेल्या. पुढच्या हिवाळ्यात टीम राहील की नाही, याची लेकीने धास्तीच घेतली. मी पदर खोचला आणि मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, आपापले पदार्थ घेऊन जमलेल्या आयांपैकी एकेकीला गाठलं, मुलीला रिंगेटला पाठव म्हणून.

"अगं, शनिवारी तिचं मॅथ असतं ना!"

"यार, पण कॉलेज ॲडमिशनला हे काउंट होतं का?"

असा संताप आला! सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

टीम बंद झाली. कोचबाईच म्हणाल्या, "तिला हॉकीत घाला. पोर चांगली आहे."

हॉकीच्या निवडीच्या दिवशी त्या आपणहून आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. लेक पक घेऊन सुसाट निघाली. समोर फक्त गोलकीपर. निळी रेषा आली आणि तिने पक बाजूला ढकलून दिला. तिथे कोणीच नव्हतं. रिंगेटमध्ये रिंग घेऊन एकटीने ती रेषा ओलांडायची नसते, पलीकडच्या मैत्रिणीला पास द्यावाच लागतो. हॉकीत तसं काही नाही. मुलं हसली. "कीप इट!" हॉकीचा कोच ओरडला.

कोचबाईंनी हातमोजा डोळ्यांना लावला. "इट्स माय फॉल्ट."

"तसं म्हणू नका," मी म्हटलं.

लेक बाहेर आली. निवड झाली का, हे विचारायचं मला धाडस होईना. तिने हेल्मेट काढलं, सरळ कोचबाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आय पास्ड. नोबडी वॉज देअर."