ताईच्या गव्हातलं गवत काढायला वारणेकाठी

सहलीला निघताना लोक टोपी आणि गॉगल घेतात. मी खुरपं घेतलं, तेही आईने दोन वेळा कापडात गुंडाळून दिलेलं. कारण ताईचा फोन आला होता.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिचं सासर कोल्हापूरच्या पुढे, वारणेकाठी. तिचे सासरे, तात्या, गव्हावर दरवर्षी तणनाशक मारतात. यंदा तिने हट्ट करून अर्धा एकर स्वतःसाठी मागून घेतला, एक थेंबही औषध न मारता पिकवून दाखवते म्हणाली. तात्यांनी दिला, पण अट घातली. गुरुवारी पाण्याची पाळी आहे, तोवर गवत निघालेलं नसेल तर पाण्यानंतर तात्या तिथेही तणनाशकाचा पंप मारणार आणि पुढे हा विषय बंद. "ये रे," ताई म्हणाली. "तुला बेणणीची सवय आहे." आम्ही भातातलं गवत काढतो त्याला बेणणी म्हणतो. गव्हाचं शेत मात्र मी तोवर लांबूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मिरजोळ्याच्या कारखान्यातून रजा मिळाली आणि सकाळी रत्नागिरी स्टँडवरून कोल्हापूरची गाडी पकडली. जाणाऱ्यांसाठी सांगतो : डावीकडची खिडकी धरा आणि पोट हलकं ठेवा. हातखंब्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू असल्यामुळे धूळ फार. साखरप्याला चहा घ्यायला वेळ मिळतो. तरी मी कंडक्टरला "गाडी सुटणार नाही ना?" असं विचारूनच उतरलो. आंबा घाट चढताना धुकं होतं आणि माझ्या पिशवीतल्या हर्ण्याच्या सुक्या बोंबलांचा वास सगळ्या गाडीला कळला. तीन पिशव्यांत बांधूनही! मागची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "कोकणातलं पाव्हणं दिसत्यात." मलकापूरला आलो तेव्हा धुकं मागे राहिलं होतं. दोन्हीकडे ऊस आणि वर मोकळं आभाळ.

कोल्हापूरला मिसळ खाल्ली (तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागा, देतात). तिथून वडगावपर्यंत एसटी आणि पुढे वडाप. वडाप म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप. भरली असं मला तीनदा वाटलं, ड्रायव्हरला एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेतात गेलो. ताईने आधीच बरंच केलं होतं. पेरणीच्या आधी रानाला पाणी देऊन गवताचं बी उगवू दिलं, ते कोवळं असताना कुळवून मोडलं आणि मगच गहू ओळीत पेरला. ओळींच्या मधलं गवत हातकोळप्याने निघालं होतं. राहिलं होतं ते ओळीतलं, गव्हाला चिकटून उगवलेलं, आणि तेही गव्हासारखंच दिसणारं रानओट नावाचं गवत. मला तर सगळंच गहू वाटायला लागलं. हात पुढे होईना.

ताईने एक रोप वाकवून दाखवलं. "पान जिथे खोडाला बिलगतं तिथे बघ. गव्हाला बारीक दोन कान असतात, खोडाला मिठी मारल्यासारखे. याला कान नाहीत. हे उपट."

मग मात्र मला गंमत वाटू लागली. प्रत्येक रोपाचे कान तपासून मी पाटाकडची खालची बाजू संध्याकाळपर्यंत स्वच्छ केली. उपटलेल्या गवताची गुंडाळी करून ती टाचेने ओल्या मातीत दाबत गेलो. आमच्याकडे भातात असंच करतात, चिखलात गवत कुजून जातं. ताई वरच्या बाजूला होती. रात्री मी अगदी खुशीत भाकरी, ठेचा आणि वर दोन वाट्या आमटी खाल्ली. बोंबील तर तात्यांच्या बायकोने, म्हणजे आम्ही ज्यांना काकी म्हणतो त्यांनी, चुलीवर भाजून एकटीनेच संपवले.

सकाळी जाऊन बघतो तर दाबलेल्या गुंडाळ्यांमधून गवताची पाती ताठ वर आलेली, दवाने चमकत. भाताच्या खाचरात गवतावर पाणी उभं असतं. इथे नुसती ओल होती, जगायला अगदी बेताची.  हा अर्धा एकर माझ्यामुळे जाणार.

तात्या बांधावर उभे होते. वाकून बघितलं आणि पोट धरून हसायला लागले. "अगं ये, तुझ्या भावानं रानगवताची लावणी केलीया बघ! कोकणातला माणूस, लावणी कशी सोडंल!"

"तात्या, मी परत काढतो सगळं," मी म्हणालो.

"काढा की. बुधवार हाय आज. पाणी उद्या."

 ताई ओढणी डोक्याला बांधून शेजारच्या वस्तीवर गेली आणि चार बायकांना घेऊन आली. ताईने त्यांचा हरभरा भांगलून, म्हणजे खुरपून, दिला होता, त्याचा पैरा त्या फेडणार होत्या. एकमेकींच्या रानात आळीपाळीने राबायचं, असा तो रिवाज. त्यातली एक मला म्हणाली, "पाव्हणं, तुम्ही उपटू नगासा. तुम्ही नुसतं उचला, न्हाईतर परत रोवशीला."

मग दिवसभर मी पाट्या भरभरून गवत बांधावर नेलं आणि तिथून म्हशीपुढे. त्या बायका गाणी म्हणत नव्हत्या, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेला शिव्या देत होत्या, आणि खुरपी चालत होती. हसून हसून माझी कंबर दुखायची राहिली. ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही शेवटच्या ओळीला पोचलो.

गुरुवारी तात्या ओळीओळीतून हळू चालले. दोनदा खाली बसले. ताई बांधावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. शेवटी त्यांनी एक रोप उपटून वर धरलं. "हे काय मग?"

ताईने ते हातात घेतलं, उलटं करून बघितलं. "तात्या, कान आहेत. गहू उपटलात तुम्ही."

 तात्यांनी ते रोप तिच्या हातून घेऊन खिशात घातलं, फावडं उचललं आणि पाटाचं पाणी स्वतः ताईच्या तुकड्यात वळवलं.

त्याच दुपारी मी निघालो. परतीच्या गाडीत पाय पसरायला जागा मिळाली आणि घाटात मला चक्क झोप लागली. एरवी मी घाटात कधी झोपत नाही.

मार्चअखेरीला ताईचा फोन आला. गहू निघाला होता. आई तेव्हापासून माझ्या मागे, "आपल्याला पाठवणार ना रे ती? नव्या गव्हाच्या पोळ्या करू हो." म्हणून मी विचारलं.

"नाही मिळणार," ताई म्हणाली, पण आवाजात हसू. "दळायलाच काढू देत नाहीत. तात्या म्हणतात, ह्यात एक दाणा गवताचा न्हाई. सगळा बियाण्याला ठेवलाय, पुढच्या साली आमच्या सगळ्या रानात हाच पेरायचा."

मी आईला सांगितलं. आई जरा हिरमुसली, मग पदराने हात पुसत म्हणाली, "बरं झालं बाई." आणि तांदूळ धुवायला घेतले.